नवी विंडोज आणि इचलकरंजीची पेढी

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बाजारात येण्याच्या बरीच आधी तिची कच्ची रूपे लोकांच्या हाती पडतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2014 मध्ये ‘विंडोज इनसायडर’ ही योजना जाहीर केली. नाव नोंदवणाऱ्याला येऊ घातलेल्या सोयी आधी वापरायला मिळतात आणि ‘फीडबॅक हब’मधून त्याने तक्रार किंवा सूचना कळवायची असते. जुलै 2015 मध्ये विंडोज 10 आली तेव्हा अशा हौशी परीक्षकांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. या वाटेने कंपनीपर्यंत पोचते ते बहुतांशी पडद्यावर दिसणाऱ्या बदलांविषयीचे म्हणणे. पडद्यामागच्या बदलांचा त्रास उशिरा सुरू होतो आणि तेव्हा तो ऐकायला समोर कंपनी नसते, गल्लीतला हार्डवेअरवाला असतो.

दिसणाऱ्या बदलावरची ओरड किती परिणामकारक ठरते, याचा दाखला विंडोज 8 ने दिला. 26 ऑक्टोबर 2012 रोजी आलेल्या या आवृत्तीतून स्टार्टचे बटण काढून टाकले होते. महाराष्ट्रात 2001 पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले ते मुख्यतः विंडोजवरच. संगणक बंद करायलाही स्टार्टवर जावे लागते हे चमत्कारिक असले, तरी सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. जगभरातून झालेल्या टीकेनंतर वर्षभरात, 8.1 मध्ये बटण परत आले, आणि विंडोज 10 मध्ये पूर्ण मेनू.

5 ऑक्टोबर 2021 च्या विंडोज 11 ने तोच कित्ता गिरवला. स्टार्ट मधोमध आले, टास्कबार खालच्या कडेला जखडला गेला, राइट क्लिकचा मेनू आखडला आणि उघड्या फायलींची नावे वेगवेगळी दाखवण्याची सोय गेली. एकाच वेळी चार एक्सेल शीट उघडून बसणाऱ्याला यातली शेवटची गोष्ट सर्वांत जाचक. ती 2023 मध्ये परत मिळाली. कंपनीला ऐकू येत नाही असे म्हणता येत नाही. तिला दोन वर्षे लागतात, इतकेच.

रिकॉलच्या वेळी मात्र दोन महिनेही लागले नाहीत. 20 मे 2024 रोजी जाहीर झालेली ही सोय दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवते, म्हणजे आधी पाहिलेले काहीही नंतर शोधता यावे. सुरक्षा-तज्ज्ञ केव्हिन ब्यूमाँट यांनी दाखवून दिले की हा सारा साठा साध्या डेटाबेसमध्ये, वाचता येईल अशा रूपात पडून राहतो. टीकेचा भडिमार झाल्यावर जूनमध्येच ती लांबणीवर पडली आणि एप्रिल 2025 मध्ये, वापरणाऱ्याने मुद्दाम चालू केली तरच चालणारी, कूटबद्ध होऊन परतली. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात, सुताच्या व्यापारात भाव झाकून ठेवावा लागतो आणि पेढीवर एकाच संगणकावर मालक, दिवाणजी आणि सीएंच्या ऑफिसातला मुलगा असे तिघे बसतात. अशा ठिकाणी रिकॉल चालू ठेवणे शहाणपणाचे नाही. तूर्त ती फक्त ‘कोपायलट प्लस’ वर्गातल्या, 16 जीबी रॅम आणि एआयसाठी वेगळा प्रोसेसर असलेल्या महागड्या मशीनवरच चालते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नोव्हेंबर 2025 मध्ये विंडोजचे प्रमुख पवन दावुलुरी यांनी विंडोज आता ‘एजंटिक’, म्हणजे वापरणाऱ्याच्या वतीने स्वतः कामे करणारी, होत असल्याचे सांगितले. तेव्हाही पहिली प्रतिक्रिया नकाराचीच होती. आधी आहे ते धड चालवा, असा तिचा सूर होता.

मराठीपुरते बोलायचे तर स्वागत झाले ते गाजावाजा न करता आलेल्या सोयींचे. विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोड मिळू लागला, आणि मे 2019 च्या अपडेटमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचा फोनेटिक कीबोर्ड आला. त्याआधी विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्टच होता. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना हवी असलेली रेमिंग्टनची मांडणी आजही बाहेरून टाकावी लागते. मंगल फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, हीही जुनीच तक्रार.

आता यंत्राकडे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाची यंत्राच्या वयाबद्दलची कल्पना वेगळी आहे. पन्नाशी उलटलेला साधा माग जॉबर, म्हणजे मागाचा दुरुस्तीवाला, अजून चालवून दाखवतो, मग सात-आठ वर्षांचा धडधाकट संगणक बाद का, हे इथे कोणालाच पटत नाही. खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, कारखानदाराचे काम तरी केवढे? पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी काढायची, जीएसटीचे बिल आणि ई-वे बिल करायचे, टॅलीत नोंद करायची. एवढ्याला जुने मशीन पुरते.

पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी, ऐन दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबले. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा-अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवली गेली, ती 30 डॉलर भरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग जोडून मिळवायची. आणखी एक अडचण कंपनीच्या जाहिरातीत शोधूनही सापडणार नाही. विंडोज 11 फक्त 64-बिट आहे, त्यामुळे डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेले हिशेबाचे प्रोग्राम तीत सरळ चालत नाहीत. 32-बिट विंडोज 10 हा त्यांचा शेवटचा आसरा होता. तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज 11 ‘मारून’ देता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी उरत नाही. सी-डॅकची बॉस किंवा दुसरी एखादी लिनक्स जुन्या यंत्रावर सुरेख चालते, पण टॅली तीवर थेट चालत नाही, आणि पेढीपुरता विषय तिथेच संपतो.

सर्वांत गंभीर बदल मात्र असा आहे की त्याचा रिकॉलइतका बोभाटा झालाच नाही. ऑक्टोबर 2024 च्या 24एच2 आवृत्तीपासून, नवे मशीन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की डिस्क आपोआप कूटबद्ध होते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे वरदानच. मात्र डिस्क उघडण्याची किल्ली मदरबोर्डशी संबंधित टीपीएममध्ये असते, आणि तिला पर्याय असलेला 48 अंकी रिकव्हरी आकडा त्या खात्यात जमा होतो. आता हे खाते कोणी उघडलेले असते? नवे मशीन बसवायला आलेल्या मुलाने, घाईत, स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन. दीड-दोन वर्षांनी वीज मागेपुढे होऊन मदरबोर्ड उडतो. पूर्वी अशा वेळी हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि टॅलीचा फोल्डर कॉपी करून घ्यायचा, अर्ध्या तासाचे काम. आता डिस्क उघडण्याआधी संगणक सहा-सहा अंकांचे आठ गट मागतो. दिवाणजींना आकडा ठाऊक नसतो, मालकाला खाते ठाऊक नसते आणि तो मुलगा एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेला असतो. आकडा नसेल तर डेटा परत मिळत नाही, कंपनीकडेही दुसरी किल्ली नसते.

यावर उपाय सोपा आहे, तो मशीन चालू असतानाच करावा लागतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास खाते मालकाच्या नावावर आणि मालकाच्या मोबाइलवर करून घ्यावे, 48 अंकांचा आकडा छापून हिशेबाच्या कागदपत्रांत ठेवावा आणि टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर नियमाने घ्यावा. एन्क्रिप्शन नकोच असेल तर ते तिथूनच बंद होते. डिस्क उलगडायला वेळ लागतो, तोवर मशीन बंद करू नये.