पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या

परगावचा पाहुणा आला की त्यास पर्वती दाखवावयाची आणि एरवी आपण तिकडे फिरकावयाचे नाही, ही पुणेरी रीत आम्हीही पुष्कळ वर्षे निष्ठेने पाळिली. सदाशिव पेठेतील आमच्या घरापासून टेकडीचा पायथा पाऊण तासाच्या आत गाठता येतो. गच्चीवरून देवदेवेश्वराचा कळस दिसे. दिसतो आहे, तेव्हा जावयाची घाई काय, असे म्हणता म्हणता आम्ही साठी ओलांडली.

पर्वतीचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविले. खाली रस्त्यापासून वर दरवाजापर्यंत १०३ पायऱ्या आहेत. त्या चांगल्या रुंद व बसक्या आहेत. हत्तीस चढता यावे म्हणून त्या तशा केल्या असे जुनी माणसे सांगतात. हत्तीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. कारण चार वर्षांपूर्वी आमच्या नातवाची मुंज झाल्यावर बटूस घेऊन सर्व मंडळी देवदर्शनास निघाली, तेव्हा ज्या पायऱ्या हत्तींकरिता घडविल्या त्यांवर आमचा श्वास तिसाव्या पायरीस सरला. उंची पाच फूट चार इंच, वजन ८२ किलो. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही पिशव्या सांभाळतो," असे मोठ्या उदारपणाने सांगून आम्ही कठड्याशी बसलो. मंडळी वर जाऊन आली. नातवाने प्रसादाचा पेढा हातावर ठेविला व विचारले, "आजोबा, तुमचा देव खालीच असतो का?" सूनबाईंनी त्यास दटाविले, पण प्रश्नात वावगे काय होते?

हे वजन एका दिवसात आले नव्हते. शाळेत असता दिवसाचे पाच-सहा तास फळ्यापुढे उभे राहणे घडे, तास बदलला की जिने चढणे-उतरणे होई. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झालो आणि खुर्चीत बसलो. जेवण मात्र शाळेच्याच वेळेचे व शाळेच्याच मापाचे राहिले. त्यात चार वाजताच्या चहाबरोबर काहीतरी खारे-गोड यांची भर पडली. कोणी फिरावयास चला म्हटले तर आमच्यापाशी शास्त्राधार तयार असे. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम कोणी वर्ज्य करावा हे सांगताना बालक व अजीर्ण झालेला यांच्या पंक्तीस वृद्धासही बसविले आहे. संस्कृत शिकविण्यात जन्म गेलेल्या माणसास आळसाला इतके भारदस्त प्रमाणपत्र दुसरे कोणते मिळणार?

तरीही त्या पायरीवरील फजितीने आम्ही हललो नाही, हे कबूल केले पाहिजे. लाज वाटली, आणि चार दिवसांत ती जिरली. हलविले ते दादांनी.

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. आमचे घर एकत्र. दादांचा शब्द अखेरचा. मुंजीच्या पुढल्या वर्षी एके पहाटे ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. आवाज ऐकून आम्ही प्रथम पोहोचलो. दादा सडपातळ, वजन पन्नास-बावन्न किलो. पण त्यांस उचलण्यास खाली वाकावे तर आमचे पोट आड येई, आणि उकिडवे बसलो तर आमचे आम्हांस उठवेना. शेवटी मुलगा व पुतण्या आले, त्यांनी एकास सोडून दोघांस उठविले. दादांचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, ती यथासांगही झाली. परंतु पायांत जोर उरला नव्हता, ते पुन्हा चालू लागले नाहीत. त्यांच्याकरिता आणलेली नवी काठी कोपऱ्यात उभीच राहिली. दहा महिन्यांनी ते गेले.

दादा लठ्ठ नव्हते, ही गोष्ट त्या वेळी आमच्या ध्यानात यावयास हवी होती. ती आली नाही. आम्ही एवढाच निष्कर्ष काढला की वजन उतरविले पाहिजे. आणि ब्राह्मणाच्या घरात वजन उतरविण्याचा मार्ग एकच ठाऊक, तो उपासाचा. रात्रीचे जेवण सोडले, सोमवार व शनिवार धरिले, एकादशा होत्याच. चार महिन्यांत काटा ८२ वरून ७२ वर आला. सदऱ्याच्या आत वारा खेळू लागला. भेटेल तो वाहवा करी, आमचे कुटुंब तेवढे म्हणे, "अहो, तोंड उतरले आहे तुमचे." आम्ही ते बायकी मायेचे बोलणे समजलो.

दहा किलो उतरल्याच्या अभिमानात एके सकाळी उपाशीपोटी पर्वती गाठली. सात ठिकाणी थांबत, पण वरपर्यंत पोहोचलो. नैऋत्येस सिंहगड स्वच्छ दिसत होता. याच टेकडीवर पानिपताच्या दुःखाने खचलेल्या नानासाहेबांनी २३ जून १७६१ रोजी देह ठेविला, आणि येथूनच ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली. एका पेशव्याने जे मांडिले त्याचा शेवट दुसऱ्याने याच जागेवरून पाहावा, हा विचार करीत आम्ही उतरू लागलो. निम्म्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मांड्या थरथरू लागल्या. चढताना जे गुडघे बोलले नव्हते ते उतरताना मोडल्यासारखे झाले. एका तरुण मुलीने दंड धरिला म्हणून बरे, नाहीतर न्हाणीघरातील दादांचीच गत व्हावयाची. तिने पायथ्यापर्यंत आणून सोडले, आणि नाव न सांगताच ती पुन्हा वर धावत गेली.

डॉक्टरांनी तपासून जे सांगितले ते येथे विस्ताराने देतो, कारण आमच्यासारखे उपासवीर घरोघर असतील. पहिली गोष्ट, मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांस न विचारता उपास करू नये; वजन व आहार घटला आणि गोळी तीच राहिली की रक्तातील साखर नको तितकी खाली येते. आमची अंधारी त्यातलीच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काट्यावर उतरलेले दहा किलो ही सारी चरबी नव्हे, त्यात स्नायूही गेले. पन्नाशीनंतर स्नायू आपले आपणच झिजत असतात आणि त्यांतील जोर तर त्याहून वेगाने जातो. वर केवळ उपास घडला की शरीर चरबीबरोबर मांडीचे मांसही मोडून खाते. पुढे उपास सुटतो तेव्हा परत येते ती मुख्यतः चरबी. उतरताना थरथर का झाली, तर पायरी उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरितात. हे काम चढण्याहून अवघड.

"गुरुजी, तुमचे पोट जावयास हवे होते, तुम्ही पाय घालविलेत," असे ते म्हणाले. दादांस काय झाले होते हे आम्हांस त्या दिवशी कळले.

वजन उतरविणे व्यर्थ असा याचा अर्थ नव्हे. गुडघे झिजलेल्या स्थूल वृद्धांचे एक संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले, त्यात एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो असे आढळले. तेव्हा काटा पाहावाच. पण त्याबरोबर कंबरही मोजावी. आपल्याकडील पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या आत असावी असा संकेत आहे. आमची १०४ होती.

आहाराची उलथापालथ झाली ती सूनबाईंच्या हाताने. आमच्या पानात भात व पोळी यांची गर्दी, आमटी म्हणजे भात भिजविण्यापुरते पाणी. डॉक्टरांनी, मूत्रपिंडे ठीक असल्याने, दर किलो वजनामागे दिवसास सुमारे १ ग्रॅम प्रथिन घ्यावयास सांगितले होते. शाकाहारी माणसास ते आपोआप पोटात जात नाही. आता दोन्ही वेळां घट्ट वरण, एक वेळ मटकीची किंवा मुगाची उसळ, सकाळी पेलाभर दूध, दुपारी दही किंवा ताक. भात निम्मा, साखर चहापुरतीही नाही. एकादशीच्या साबुदाण्याविषयी मात्र घरात मोठा वाद माजला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन नाममात्र. त्यावर तूप आणि बटाटा. उपासाच्या नावाखाली आम्ही आठवड्यातून दोनदा काय खात होतो, हे कळल्यावर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीचा कर्ता आमच्याच घरी जेवून गेला असावा असे वाटले.

व्यायामाकरिता पुन्हा शास्त्रच उघडले. ज्या वाग्भटाच्या आड आम्ही लपलो होतो, त्यानेच धडधाकट माणसासही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावयास सांगितले आहे. आणि शरीरास फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, बुद्धी व जठराग्नी वाढविते असे सुश्रुत म्हणतो. हे दुसरे वचन आम्ही वर्गात शिकविलेही होते! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल व दोन दिवस स्नायूंस जोर देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढील माणसांनी तोल सांभाळण्याचा अभ्यासही तीन दिवस करावा असे आहे. आता व्यायाम वर्ज्य म्हणणाऱ्या वाग्भटाचे काय, असे कोणी विचारील. त्याच्या काळचा व्यायाम मल्लांचा असावा अशी आम्ही आमच्यापुरती समजूत करून घेतली आहे. भाष्यकारास इतकी सवलत असते.

अर्धी शक्ती ओळखावी कशी? आम्ही चढताना रामरक्षा म्हणतो. ओळ न तुटता म्हणता आली पण सुरात गाता आली नाही, म्हणजे वेग योग्य. ओळ तुटली की थांबावयाचे. पहिले दोन महिने टेकडीस हातही लाविला नाही. घरी हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीस हात लावून टाचा उचलणे, देवघरापाशी एका पायावर उभे राहणे, आणि संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालणे. जेथे आज बाग आहे तेथे एके काळी नानासाहेबांचे तळे होते, त्यावरूनच तेथील गणपतीस तळ्यातला गणपती म्हणतात. मग पर्वती, प्रथम वीस पायऱ्या, मग चाळीस, असे करीत पाचव्या महिन्यात १०३.

सकाळी साडेसहास तेथे एक निराळेच गाव भरते. तालमीतली पोरे दोन-दोन पायऱ्या गाळून धावतात. त्यांच्या वाटेत येऊ नये. एक आजीबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नऊवारी नेसून, पायांत मात्र नातवाचे पळावयाचे बूट घालून, दर दहा पायऱ्यांस विसावा घेत रोज चढतात. आम्ही त्यांच्या पुढे जावयाचा प्रयत्न एकदा केला. ओळ तुटली.

यास आता दोन वर्षे झाली. वजन ७२ वरून वाढून ७३ झाले आहे आणि कंबर ९२ वर आली आहे. हे गणित आमच्या मित्रमंडळास पटत नाही. पाटावरून पूजा आटोपून उठताना जमिनीस हात लावावा लागत नाही. मधुमेहाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, दुसरी चालू आहे.

गेल्या दिवाळीत घरची मंडळी पुन्हा पर्वतीस गेली. नातू आता बारा वर्षांचा, तो पुढे पळाला. पिशव्या आमच्याच हाती होत्या, पण या वेळी त्या वर गेल्या. उतरताना आम्ही दादांची काठी बरोबर ठेवितो. ती कठड्याच्या विरुद्ध बाजूस टेकीत सावकाश येतो. उद्या एकादशी आहे. साबुदाणा वाटीभरच भिजत घाला, असे घरात सांगून ठेविले आहे. कितपत ऐकतात ते उद्या कळेल.