फ्लॉपीवर घेतलेला आळ

गेल्या पंधरवड्यात दोन कुटुंबांनी आमच्या कानी एकच गाऱ्हाणे घातले. घरातला संगणक चालता चालता मध्येच बंद पडतो आणि आपला आपणच पुन्हा सुरू होतो. व्हायरस शिरला असावा, फादर, काय करावे? त्यांपैकी एका घरी तर अपराधी कोण हेही ठरून गेले होते. शेजारचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला होता, त्याचेच हे काम! हे वाक्य ऐकले आणि आम्हांस २००३ सालचा ऑगस्ट महिना आठवला. उपाय सांगण्यापूर्वी तो प्रसंग सांगणे आम्हांस भाग आहे.

त्या वेळी आम्ही धर्मगुरू झालो नव्हतो. तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपवून ईशज्ञानाच्या अभ्यासास लागण्यापूर्वी काही काळ धर्मग्रामात राहून सेवा करावी, या रीतीस अनुसरून आमची रवानगी खानापूर तालुक्यातील एका गावी झाली होती. लोक आम्हांस 'ब्रदर' म्हणत. फादरांच्या बंगल्यात कोणा उपकारकर्त्याने दिलेला एक संगणक होता, विंडोज एक्सपीचा. स्नानसंस्काराच्या जुन्या वह्यांना वाळवी लागू लागली होती. सबब त्यांतील नावे संगणकात उतरवून घ्यावीत, असे वडील फादरांनी आम्हांस सांगितले. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस सांगावयास नको; बाहेर पडण्याची सोय नव्हतीच. जूनपासून बसून आम्ही तीन वह्या पुऱ्या केल्या होत्या. पणजोबाचा स्नानसंस्कार आणि पणतूचा स्नानसंस्कार एका बोटाच्या अंतरावर दिसू लागले, तेव्हा आमची छाती फुगली होती हे कबूल करतो.

१५ ऑगस्ट म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. गायनमंडळातील एक मुलगा बेळगावास कॉलेजात शिकत असे; वडील कौलांच्या भट्टीवर कामाला. सणाची गीते त्याने कॉलेजातील संगणकावर टंकून एका फ्लॉपीवर आणली. मंगळवारी त्याने ती आमच्या संगणकात घातली, गीते उतरवून दिली व तो निघून गेला. बुधवारी सायंकाळी आम्ही टेलिफोनची तार जोडून इंटरनेट सुरू केले, तो पडद्यावर एक चौकट उमटली. संगणक बंद होत आहे, हातचे काम जतन करून ठेवा, असा तिचा आशय. खाली साठ सेकंदांचे घड्याळ उलटे धावत होते. ही आज्ञा कोणाच्या अधिकाराने निघाली तेही तिथे लिहिले होते: एनटी ऑथॉरिटी. हा कोण अधिकारी आमच्या बंगल्यात येऊन बसला, ते आम्हांस उमगेना. साठ सेकंद सरले, पडदा काळा झाला, आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तार जोडली, पुन्हा तीच चौकट. असे पाच वेळा झाले.

प्रथम आम्ही विजेला दोष दिला. मग फ्लॉपी आठवली, आणि तेथे आमचा विचार थांबला. त्या रात्री गायनाचा सराव होता. सर्वांदेखत आम्ही त्या मुलास म्हटले, "तुझ्या फ्लॉपीने देवळाचा संगणक बिघडवला. स्नानसंस्काराच्या वह्या गेल्या म्हणजे त्याचा जाब कोण देणार?" तो म्हणाला, "ब्रदर, मी कॉलेजात तपासून आणली होती." आम्ही ऐकून घेतले नाही. फ्लॉपी काढून घेतली व टेबलाच्या खणात बंद केली. शुक्रवारी सणाच्या मिस्सेस हार्मोनियमवर तो नव्हता. मुलींनी सुराविना गीते म्हटली. ती बरी झाली असे सर्वजण म्हणाले, यावरूनच ती कशी झाली असतील ते ओळखावे.

शनिवारी मेणबत्त्या आणण्यास बेळगावी जाणे झाले, तेव्हा संगणक दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थास आम्ही साठ सेकंदांची कथा सांगितली. ते हसले. म्हणाले, सकाळपासून हेच गाऱ्हाणे घेऊन आलेले तुम्ही सातवे. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: टेलिफोनची तार काढून ठेवली तर संगणक बंद पडतो काय?

आम्ही गप्प झालो. तार काढून, गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत त्याच संगणकावर आम्ही सणाची पत्रके तयार केली होती. तो एकदाही बंद पडला नव्हता. उत्तर दोन दिवस आमच्या हातात होते, पण आम्हांस अपराधी आधीच मिळालेला असल्यामुळे ते वाचण्याची गरज वाटली नव्हती.

त्या उपद्रव्याचे नाव ब्लास्टर. तो ११ ऑगस्ट २००३ रोजी जगात प्रथम दिसला. काटेकोर बोलायचे तर तो व्हायरस नव्हे. व्हायरस एखाद्या फाइलच्या पाठीवर बसून येतो. हा स्वतःच्या पायांनी चालत येई. अशा जातीला इंग्रजीत 'वर्म' म्हणजे किडा म्हणतात, आणि आपल्या भाषेत वर्म म्हणजे काय ते वाचकांस ठाऊक आहेच; दोन्ही अर्थ येथे लागू पडले. विंडोजमध्ये एक संगणक दुसऱ्या संगणकाकडून काम करवून घेतो त्या सेवेत एक भगदाड राहून गेले होते. हा किडा इंटरनेटवरील पत्त्यांवर अंदाधुंद दार ठोठावत फिरे आणि भगदाड सापडले की आत शिरे. त्यास फ्लॉपी लागत नसे, पत्र उघडावे लागत नसे, कोणी काही करावेच लागत नसे. तार जोडलेली असली की पुरे. आत घुसण्याच्या धसमुसळेपणात ती सेवाच कोसळून पडे, आणि तिच्यावाचून एक्सपीचे चालत नसल्याने तो साठ सेकंदांची मुदत देऊन नव्याने सुरू होई. म्हणजे संगणक बंद पाडणे हा किड्याचा हेतू नव्हताच. चोराने कौल फोडले आणि घर जागे झाले, त्यातला हा प्रकार. त्याचा खरा बेत १६ ऑगस्टपासून, म्हणजे आम्ही दुकानात उभे होतो त्याच दिवसापासून, मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या वाटणाऱ्या संकेतस्थळावर सगळीकडून एकदम हल्ला चढवण्याचा होता.

यापुढचे सांगताना आजही जड वाटते. त्या भगदाडावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १६ जुलै रोजीच दिले होते. किडा येण्यापूर्वी २६ दिवस. जुलैअखेरीस आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात दुरुस्त्या तयार असल्याची सूचना तीन-चारदा आली होती. टेलिफोनचे बिल वाढेल म्हणून आम्हीच ती दर वेळी मिटवून टाकली होती.

दुरुस्ती साधी निघाली. त्या गृहस्थांनी ठिगळ व साफसफाईचा छोटा प्रोग्राम दोन फ्लॉप्यांवर घालून दिला. औषध फ्लॉपीवरूनच आले, हेही आमच्या नशिबी होते. बंगल्यावर येऊन प्रथम तार काढली. चालू असलेल्या प्रोग्रामांच्या यादीत 'एमएसब्लास्ट' नावाचा पाहुणा होता, तो थांबवला. साफसफाईच्या प्रोग्रामाने त्याची फाइल व तो आपोआप सुरू व्हावा म्हणून केलेली नोंद काढून टाकली. मग ठिगळ लावले, फायरवॉल नावाची भिंत चालू केली (ती एक्सपीत होती, पण बंद ठेवलेली असे, २००४ सालच्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू राहू लागली) आणि त्यानंतरच तार जोडली. ज्यांस ठिगळ इंटरनेटवरूनच उतरवायचे होते त्यांची पंचाईत अशी की, साठ सेकंदांत ते उतरत नसे; त्यांनी 'रन'च्या चौकटीत 'शटडाऊन' हा शब्द, मग मोकळी जागा, आडवी रेघ व 'ए' हे अक्षर टंकले की घड्याळ थांबे. आमच्या तिन्ही वह्या शाबूत होत्या.

१८ ऑगस्टच्या सुमारास दुसरा एक किडा निघाला. तो त्याच भगदाडातून शिरे, ब्लास्टरला मारी आणि ठिगळही लावू पाही. उपकारी किडाच म्हणा! पण नवे संगणक शोधण्याच्या त्याच्या धावपळीने कित्येक ठिकाणची जाळी तुंबून गेली, व लोकांस मूळ दुखण्याहून हे औषध महाग पडले. बरे व्हावे म्हणून वाईट करू नये, हे संत पौलाने रोमकरांस बजावले आहे. त्यास इतके ताजे उदाहरण वर्गात आम्हांस कोणी दिले नव्हते.

आता त्या दोन कुटुंबांस उत्तर. आजच्या संगणकात भिंत चालू असते व दुरुस्त्या बहुधा आपोआप येतात. म्हणून संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागल्यास पहिला संशय व्हायरसचा घेऊ नये. इंटरनेट बंद करून तासभर पाहावे. तरीही तेच होत असेल तर पंख्यात साचलेली धूळ, उष्णता, वीज पुरवणारी पेटी किंवा सैल झालेली मेमरीची पट्टी पाहावी. परंतु सूचना मिटवण्याची सवय मात्र सोडावी. २०१७ साली वॉनाक्राय नावाच्या किड्याने रुग्णालयेदेखील अडवली. त्याचे ठिगळही सुमारे दोन महिने आधी, मार्चमध्ये निघाले होते. एक्सपीला दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ज्यांच्या घरी जुने यंत्र आहे त्यांनी ध्यानात ठेवावे.

राहिला तो मुलगा. रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता. आई चुलीपुढून उठून आली, हात पुसत तिने पाट दिला. आम्ही झाला प्रकार सांगितला व चूक आमची होती असे म्हटले. ती माऊली थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ब्रदर, तुम्ही घरी आलात, बरे वाटले. पण बोललात ते सगळ्यांसमोर. मला एकटीला सांगून त्याचे काय होणार?"

घेतलेले नाव जेथे घेतले तेथेच परत करावे लागते, ते पुढे ईशज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर आमची छत्री उघडण्याचेही भान नव्हते. बुधवारच्या सरावास तो यावा म्हणून आम्ही वडील फादरांकरवी निरोप धाडला. तो आला, दाराशी उभा राहिला. गीत सुरू होण्यापूर्वी आम्ही उठून सर्वांसमोर सांगितले की, संगणक याच्या फ्लॉपीने बिघडला नव्हता, आमच्या हयगयीने बिघडला होता, आणि याच्यावर आम्ही खोटा आळ घेतला. वाक्य पाठ केले होते, तरी मध्ये अडखळलो. कोणी काही बोलले नाही. कोणा लहान मुलीने मात्र विचारले, "ब्रदर, मग किडा केवढा होता?"

सर्वजण हसले, तोही हसला. हार्मोनियमकडे जाता जाता आमच्यापाशी थांबून तो म्हणाला, "ब्रदर, मग माझी फ्लॉपी द्या. नाताळची गीते तिच्यावरच आहेत."