हे घेऊ नका

भोगीच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या गावांहून आलेल्या मावशा रस्त्याच्या कडेला पोती अंथरून बसलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर हरभऱ्याचे ढाळे, बोरं, गाजरं, वालाच्या शेंगा, उसाची कांडकी, ओंब्या असं सगळं एकदमच येऊन पडलेलं असतं. मी छत्रपती संभाजीनगरच्या खडकेश्वरला राहते. तिथून औरंगपुरा, मग गुलमंडी, सिटी चौक, सराफा आणि शहागंज ही माझी नेहमीची फेरी. पिशवी घेऊन पायी निघायचं आणि येताना रिक्षा करायची.

यंदा सोबत सून होती. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत. ती पुण्याची, घरूनच कंपनीचं काम करते, आणि मिठापासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत सगळं तिचं फोनवर मागवलेलं असतं. तीच म्हणाली, "आई, तुम्ही कुठून काय घेता ते मला एकदा दाखवा."

पहिल्याच मावशीपाशी मी वांग्यांत हात घातला तर तिने माझा हातच धरला. "भोगीची भाजी करायची ना काकू? मग ही नका घेऊ, ही भरताची हाये. ती पल्याडची बारकी, काटेरी घ्या." पल्याडची म्हणजे शेजारणीची. या मावशीकडे भरताचीच वांगी होती, आणि ती विकली गेली असती तर तिचं ओझं तेवढं हलकं झालं असतं. पण भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत ती वांगी विरघळून जातात हे तिला ठाऊक, आणि मलाही. मग तिच्याकडून गाजरं, शेंगा आणि मूठभर जास्तीची बोरं घेऊन आम्ही पुढे सरकलो.

या फेरीबद्दल मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. आपल्या भागातलं दुकान चांगलं कशावरून, तर तिथे "हे घेऊ नका" असं सांगणारं माणूस बसलेलं असतं म्हणून. मालाची रेलचेल आता कुठेही मिळते. नको ते घेण्यापासून गिऱ्हाइकाला थांबवणारा माणूस मात्र ओळखीच्या गल्लीतच भेटतो.

गुलमंडीवर सुपारी हनुमानाला बाहेरूनच हात जोडले. उत्तम मिठाईसमोर इमरतीसाठी गर्दी होती, तिथे सून जरा रेंगाळली. तिला मी परत येताना घेऊ म्हटलं, कारण किराण्याच्या दुकानात संध्याकाळी सहानंतर नंबर लागत नाही. या दुकानात माझ्या सासूबाई यायच्या. तेव्हाचे शेठ आता गादीवर नसतात, त्यांचा मुलगा बसतो, पण विचारायची रीत तीच.

"तीळ, गूळ. वड्या करायच्या का लाडू?"

"वड्या."

"मग चिक्कीचा गूळ नका नेऊ. साधा न्या."

सुनेने विचारलं, फरक काय? गल्ल्यावर रांग असताना त्याने दोन मिनिटं काढून तिला समजावलं. चिक्कीच्या गुळाचा पाक थंड झाला की कडक होतो. लाडवाला, चिक्कीला तो हवाच, नाहीतर आकार धरत नाही. वडीला मात्र साधा गूळ, आणि पाक फार पुढे जाऊ द्यायचा नाही. दाण्याचं कूट घातलं की वडी मऊ राहते. मग त्याने तिळाचे दोन डबे पुढे ओढले. एक पॉलिशचे, शुभ्र. दुसरे गावरान, मळकट दिसणारे. त्याने गावरान तिळांची चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्याने रगडली, हलकेच फुंकर मारली आणि तळहात तिच्यासमोर धरला. फोलपट उडालं होतं, तीळ तेवढे राहिले होते, आणि खडा किंवा माती काही नव्हतं. "हे घ्या. दिसायला जाऊ द्या, भाजल्यावर वास बघा," म्हणाला.

पैसे देताना त्याने विचारलं, "उद्या तुमच्याकडं पाणी आहे ना?" आमच्या शहरात नळाला पाणी दिवसाआड नाही, कैक दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं माणूस ड्रम, टाक्या भरण्यापलीकडे दुसरं काही करू शकत नाही. कुठल्या भागात कधी पाणी हे या दुकानदाराला पाठ असतं. "मग सामान आजच पोराबरोबर पाठवतो. उद्या दार उघडायला कुणी मोकळं नसेल." बाकीचा किराणा तिथेच सोडून हलक्या पिशवीने आम्ही बाहेर पडलो.

या शहराची जुनी वस्ती मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवली. त्याच्या मुलाने तिचं फतेहनगर केलं, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. या सगळ्या काळात गल्ल्या धंद्यांनी धरून ठेवल्या: रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा. आज त्या गल्ल्यांतून मोबाइलची कव्हरं आणि तयार कपडेही टांगलेले दिसतात, पण हाताचं काम करणारी माणसं अजून तिथेच शोधावी लागतात, आणि शोधली की सापडतात.

बांगड्यांसाठी मी ज्यांच्याकडे जाते ते मणियार चाचा आता थकलेत. दुकान म्हणजे एक ओटा आणि मागे छतापर्यंत काचेच्या बांगड्यांचे गठ्ठे, सगळा माल फिरोजाबादचा. सुनेने काळ्या साडीवर हिरवा चुडा हवा म्हणून सांगितलं आणि आपलं माप दोन-सहा असल्याचंही सांगितलं. चाचांनी मापाकडे लक्ष दिलं नाही. तिचा हात हातात घेतला, अंगठा तळहातात दुमडला, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकदा दाबून बघितली आणि म्हणाले, "दो-छे नक्को बेटा. घूमती रहेंगी, टकरा टकरा के जाएंगी. दो-चार होना." बांगडीचं माप इंच आणि आण्यांत असतं, दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश भाग. दोन मापांत फरक इंचाच्या आठव्या हिश्श्याचा. तेवढ्यावर बांगडी हातात नीट बसते की खणखणत राहते हे ठरतं.

पुढचा अर्धा तास मी नुसती बघत होते. चाचा एका हाताने तिची बोटं गोळा करून धरत, दुसऱ्या हाताने बांगडी तिरकी करून अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आणत आणि तिथे क्षणभर थांबत. जोर करत नसत. सांध्याशेजारचं मांस बोटाने मागे सारत, बांगडी जराशी फिरवत, आणि ती आपोआप पलीकडे जाई. सून आधी खांदे ताठ करून बसली होती. चौथ्या-पाचव्या बांगडीनंतर तिचा हात सैल पडला. एक पिचली, ती त्यांनी न बोलता बाजूच्या डब्यात टाकली आणि हिशेबात धरली नाही. चुडा भरून झाल्यावर मी तिला म्हटलं, चाचांना नमस्कार कर. आमच्याकडे बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार करतात. तिने वाकून केला. चाचांनी दोन्ही हात वर उचलले आणि "खुश रहो" म्हणाले.

सिटी चौकाच्या वाटेवर एका झेंडेवाल्याकडे मशीन चालू होतं. १२ जानेवारी, जिजाऊ जयंती. भगवे झेंडे सकाळीच संपले होते आणि आता निळे शिवणं चालू होतं. १४ जानेवारीला नामविस्तार दिन. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली वर्षं मराठवाड्याने काय भोगलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या दिवशी विद्यापीठ गेटवर लोटणारी गर्दी हातात पुस्तकं घेऊन परतते, ते मला फार आवडतं. झेंडेवाल्याला बोलायला फुरसत नव्हती.

सराफ्यात माझं काम पटवेकऱ्याकडे. मोठ्या पेढ्यांच्या पायरीशी बसणारा हा माणूस पायाच्या अंगठ्याला दोरा गुंडाळून ताणतो आणि दोन्ही हातांनी काळी पोत गाठवतो. माझी पोत सैल वाटत होती. त्याने बोटांमधून सावकाश ओढत नेली, दोन ठिकाणी नखाने चाचपली आणि परत दिली. "ताई, दोरा चांगला आहे अजून. अक्षय तृतीयेच्या सुमारास या." सून माझ्याकडे बघत राहिली. हातातलं काम त्याने स्वतःहून परत केलं होतं.

चालता चालता ती म्हणाली, "पण आई, यांचं भागतं कसं?" मला वाटतं, असंच भागतं. ही माणसं साधू नाहीत. भाव करताना रक्त आटवतात. पण त्यांना तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं राहायला हवं असतं, आणि त्या गिऱ्हाइकाची सून, आणि तिची शेजारीण. याच बाजारात एका दुकानाने मला पहिल्या धुण्यात रंग सोडणारी साडी गळ्यात मारली होती. त्या दुकानाची पायरी मी नंतर चढले नाही, आणि आमच्या भिशीतली कुणीच चढली नाही.

तिने दुसरीही एक गोष्ट बोलून दाखवली, ती खोटी नव्हती. ज्या बाईचं काम साडेसातला संपतं तिने इथे कधी यायचं? गाडी कुठे लावायची? कडेवर मूल असेल तर या गर्दीतून कसं चालायचं? गुलमंडीवर गाडी लावणं म्हणजे खरोखरच दिव्य आहे, आणि म्हणून कितीतरी ओळखीची घरं निराला बाजारला नाहीतर थेट प्रोझोन मॉलला जायला लागली. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मला वेळ आहे म्हणून मला हे सुख परवडतं, तेवढं मी कबूल केलं.

शहागंजच्या अलीकडे पतंगांचं दुकान गच्च भरलं होतं. दहा-बारा वर्षांचा एक पोरगा नायलॉनचा मांजा मागत होता. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "नहीं रखते. सद्दी ले, नहीं तो घर जा." नायलॉनच्या मांज्याने गळे चिरतात, पाखरं लटकतात, उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्या खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तरी चोरून विकणारे आहेतच. पोरगं घुटमळलं आणि शेवटी सद्दीची चक्री घेऊन गेलं.

शहागंजला नानच्या भट्टीपाशी शेवटचा मुक्काम. नान-खलिया हे या शहराचं खाणं; १३२७ मध्ये तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या लष्कराबरोबर ते इथे आलं असं सांगतात. आमच्या घरी खलिया होत नाही, पण नान दुधात कुस्करून खायला सगळ्यांना आवडतो. भट्टीवाला लांब सळईने तंदूरच्या भिंतीवरून नान उचकटून काढत होता. हळद-गुळाच्या पाण्याने त्यांना पिवळी झळाळी आलेली.

"कितने होना?"

"आठ."

"घर में कितने लोगां?"

"चौघं."

"पाँच बस है आपा. सुबू तक कडक हो जाते."

पाच घेतले. इमरतीसाठी परत गुलमंडीपर्यंत चालायचं त्राण दोघींतही नव्हतं, म्हणून तिथूनच रिक्षा केली. वाटेत सून नव्या चुड्याकडे बघत म्हणाली, "साबण, डाळी, तेल मी फोनवरच मागवणार हां आई. तीळ आणि बांगड्या मात्र इथूनच." डाळीही इथूनच घे, शेठचा मुलगा खडे असलेली कधी देत नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण रिक्षा खडकेश्वरला पोहोचली होती आणि किराण्याचा पोरगा आमच्या दाराशी सामान घेऊन उभा होता.