बीटाचा रस आणि चार वर्षांची नात



गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. नात चार वर्षांची. पोरगी सारखी दमते, पायऱ्या चढवत नाहीत म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.६. या वयात ते ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. डॉक्टरांनी लोहाचं सिरप लिहून दिलं होतं. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला औषधं कशाला? रोज सकाळी गाजर-बीटाचा रस दे, महिन्यात गाल लाल होतील."

तिच्या सासूबाईंनी ऐकताक्षणी नको म्हटलं. जावई म्हणाले, पोरीपेक्षा नेम मोठा का? दोन दिवस घरात अबोला. शेवटी लेकीने मला विचारलं, "आई, औषध म्हणून दिलं तर चालेल का गं? लहानच आहे ती."

तुमच्यापैकी किती जणींना हा प्रश्न पडला असेल हे मला बस्तीत बसल्यावर कळतं. बाळंतिणीला लसूण, मुलाला बीट, म्हाताऱ्याला कांद्याचा रस. कुणी ना कुणी सुचवतंच. आपण जमीकंद खात नाही, कारण तो अनंतकाय. एका कंदात अनंत जीव, आणि तो उपटला की झाडच संपतं. आंबा तोडला तर झाड उभं राहतं, बीट काढलं तर काही मागे उरत नाही, एवढं लहान मुलालाही समजतं. पण आपल्याकडे मूलगुण द्यायचे ते आठ वर्षांनंतर. चार वर्षांच्या पोरीने कसला नेम घेतलेला नाही. नेम तिच्या आईबापाचा आणि आजीचा आहे. म्हणून जावयांचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. पोरीला दुसरं औषधच नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असतं, तर मी आडवी आले नसते. पण मी लेकीला म्हटलं, चालेल की नाही ते नंतर बघू. बीट हे रक्त कमी असण्यावरचं औषध आहे का, ते आधी डॉक्टरांना विचार.

तिने विचारलं. उत्तर ऐकून जावईही गप्प झाले. बीटाचा लाल रंग लोहाचा नसतोच, तो बीटातल्या रंगद्रव्याचा. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ११ मिलिग्रॅम लागतं. आपल्या साध्या नाचणीत १०० ग्रॅमला चार मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. रक्ताचा रंग लाल आणि बीटाचा लाल, एवढ्यावरच ही समजूत उभी आहे. गाजर तर लोहासाठी कुणी सांगायलाच नको.

डॉक्टरांनी मग उलटाच प्रश्न विचारला. पोरगी दिवसभरात पिते काय? लेकीने मोजलं तर सकाळी दूध, बालवाडीच्या डब्यासोबत रसाचा पुडा, दुपारी दूध, संध्याकाळी पुन्हा पुडा आणि झोपताना बाटलीतून दूध. भाकरीला पोटात जागाच कुठे होती? दुधात लोह अगदी नावाला असतं आणि जास्त दुधाने लोह अंगी लागायलाही अडथळा येतो. या वयाला दिवसाकाठी अर्धा लिटरच्या आत दूध पुरे, असं त्यांनी सांगितलं. रात्रीची बाटली बंदच, कारण दूध असो की रस, तोंडात ठेवून झोपलं की समोरचे दात किडतात.

आता त्या पुड्याबद्दल. बायका मला सांगतात, "हिरवा ठिपका बघूनच घेते हो मी." तो बघायचाच, पण त्या ठिपक्याच्या सरकारी व्याख्येत दुधाबरोबर मधही शाकाहारीच धरला आहे. आपल्याकडे मद्य, मांस, मधु हे तिन्ही एका ओळीत सोडायचे. म्हणून मागची बारीक अक्षरं वाचावीच लागतात. चष्मा लावून वाचा, दुकानदार थांबतो. वाचता वाचता दुसरंही कळतं. 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेल्या पुड्यात फळाचा रस दहा टक्के असला तरी कायद्याला चालतो. बाकी पाणी आणि साखर. घट्ट केलेल्या रसात पाणी घालून परत पातळ केलेल्या पुड्यांवरून '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये सांगितलं. 'ओआरएस' हा शब्द नावात घालून गोड पेयं विकायलाही २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी आली. जुलाब झालेल्या मुलाला खरं ओआरएस म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी. गोड पेयाने जुलाब वाढू शकतात.

बरं, घरी काढलेला मोसंबीचा रस तरी मनसोक्त द्यावा का? तोही नाही. एक पेला रसाला तीन मोसंबी पिळावी लागतात, चोथा कचऱ्यात आणि साखर तेवढी पेल्यात. तीन मोसंबी खा म्हटलं तर कुठलं चार वर्षांचं पोर खाईल? भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत रस नकोच, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला १२५ मिलिलिटरच्या वर नको. म्हणजे आपला लहान स्टीलचा पेला, तोही काठोकाठ नाही. पेल्यातूनच द्या. चोखायच्या बाटलीतून मूल तासभर चोखत बसतं आणि दात तेवढा वेळ साखरेत राहतात.

मी महिनाभर पुण्याला जाऊन राहिले. तहानेला पाणी, हे पहिलं ठरलं. पोरीला पाणी 'बेचव' लागायचं. तीन-चार दिवस रडली, मग प्यायला लागली. पाणी गाळायचं काम मी तिलाच दिलं. दुहेरी फडकं भांड्यावर धरायचं आणि आजीने ओतायचं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, हे तिला कळायचं वय नाही, पण "आजी, पाणी जुनं झालं का?" असं ती विचारायला लागली.

सिरप सकाळी, दूध त्यानंतर तासाभराने. जेवणासोबत लिंबू, कारण आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वाने धान्यातलं आणि डाळीतलं लोह अंगी लागतं. वरणावर पिळायचं किंवा चिमूटभर मीठ, थोडा गूळ घालून दोन-चार घोट सरबत. कैऱ्या होत्या तोवर पन्हं, एकदा आगळाचं कोकम. दुपारी पातळ ताक. नाचणीची पेज ताजी, त्याच दिवशीची. आंबवलेलं आंबील मी करत नाही. काकूंनी नंतर अंजीरही सुचवलं. आमच्या घरात ते उदुंबर फळांत धरतात, म्हणून काळ्या मनुका धुऊन, भिजवून दिल्या. रसाचा वार फक्त रविवार. केला की लगेच प्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, सूर्यास्तानंतर काही नाही. या सगळ्यात नेम कुठे आणि पथ्य कुठे, हे मला वेगळं काढता आलं नाही आणि जावयांनीही विचारलं नाही.

मधेच अक्षय्य तृतीया आली. आदिनाथ भगवंतांना वर्षभराच्या उपवासानंतर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने इक्षुरसाचा आहार दिला तो हा दिवस. त्या दिवशी पोरीला उसाचा रस नाही म्हणणारी मी कोण? रसवंतीवाल्याला बर्फ नको म्हटलं, घरून नेलेल्या पातेल्यात घेतला, गाळला, आणि ती गोष्ट सांगत एक लहान पेला दिला. तिने दुसरा मागितला. मी म्हटलं, भगवंतांनी तरी ओंजळीनेच घेतला होता. मग ओंजळ करून दोन घोट घेतले आणि अर्धा फ्रॉकवर सांडला.

तीन महिन्यांनी ११.३ आलं. डॉक्टरांनी सिरप आणखी दोन महिने चालू ठेवायला सांगितलं, अंगातला लोहाचा साठा भरायला तेवढा वेळ लागतो. सिरपने शी काळी होते, त्याला घाबरू नका. दातांवरही काळपट डाग येतात, म्हणून ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. शेजारच्या काकू भेटल्या तेव्हा पोरीचे गाल बघून म्हणाल्या, "बघा, बीटाने केलं ना काम!" लेक माझ्याकडे बघून हसली. मी काकूंना घरात बोलावलं आणि कोकम सरबत दिलं.