ज्या आणि कोटिज्या

ज्येची तिप्पट व कोटिज्येची चौपट मिळून ५, तर कोन किती? सावद्यास ओसरीवर बसलेल्या पुतण्यास, ‘वर्ग करून सोडव,’ असे आम्हीच सांगितले. उत्तरे दोन आली. एक ताळ्यास जमेना, म्हणून आम्ही त्याच्यावरच संतापलो. वस्तुतः वर्ग करताच ऋण कोटिज्येचे खोटे उत्तर आत शिरले होते. प्रथम ५ ने भागले असते, तर ३/५ व ४/५ या दुसऱ्या एका कोनाच्या कोटिज्या व ज्या ठरून डावी बाजू दोन कोनांच्या बेरजेची ज्या झाली असती. ती १, म्हणजे बेरीज ९० अंश. आपला कोन सुमारे ३७. बेरजेचा हा नियम भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगितला, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चांगदेवाने मठ स्थापिला तो आमच्याच खानदेशात, चाळीसगावाजवळ पाटणास! हे सुचले तेव्हा आम्ही त्यास हाक मारली. पोर उपाशीच निजले होते.