जित्या मेंढराचा नमुना

मेंढरू मेलं की धनगर ते लांब नेऊन पुरतो आणि उरलेल्यांना घेऊन वाट धरतो. कशानं मेलं, हे विचारायला तो कुठं जाणार? चार-दोन गेल्यावर अंदाज बांधायचा, एवढंच. मेंढरं जिती असताना त्यांचा नमुना काढून रोग ओळखताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच रानात, फुलंब्रीच्या बाजूला. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील.

हरभरा निघाला की दरसाल आमच्या रानात मेंढरं बसतात. वाघर लावून रात्रभर बसली की लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, धनगराला त्याबदली धान्य किंवा पैसे. सगळी दख्खनी मेंढरं, काळी. त्या साली वाड्यात ताप शिरला. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात चट्टे, पातळ हगवण. दोन दिवसांत पाच मेंढरं गेली. मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावून आणलं. पोरगेलासाच होता.

म्हाताऱ्या आबांनी मरायला टेकलेली एक मेंढी पुढं ओढली. डॉक्टर म्हणाला, "आबा, ही नको. कालपरवा ताप आलेली द्या."

"ती तर आजून चरायलीय. चांगलीला कशाला टोचता?"

डॉक्टरनं उकिडवं बसून समजावलं. ताप चढतो त्या पहिल्या दिवसांत रोगाचा विषाणू नाकाडोळ्यांत भरपूर असतो. जनावर मरायला लागेपर्यंत तो हाती लागायची शाश्वती कमी होते. म्हणून नमुना घ्यायचा तो धडधाकट दिसणाऱ्या, पण अंग तापलेल्या मेंढराचा.

आबांच्या मनात मात्र दुसरंच होतं. ते म्हणाले, "मागल्या साली दुसऱ्या गावाला असंच रगत नेलं. उत्तर घेऊन कुणी आलं न्हाई. आमची मेंढरं काय शाळेतल्या पोरांना शिकायला हायेत का?"

डॉक्टर जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही जिथं असाल तिथं मी उत्तर आणून देतो." तेव्हा आबा उठले आणि त्यांनी स्वतः मेंढी धरली.

एकानं मान वर करून एका अंगाला वळवायची. दुसऱ्यानं लोकर बाजूला सारून नरड्याच्या कडेच्या खाचेत अंगठा दाबायचा. शीर फुगते, तिथं सुई. रक्ताची नळी हलवायची नाही, तिरपी ठेवायची. गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, तेच तपासणीला लागतं. नाकात नि डोळ्यात कापसाची काडी फिरवायची आणि हिरडीवरची मेलेली साल हलकेच खरवडून घ्यायची. मेंढी दोनदा धडपडली. आबा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते.

डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. रात्रीच्या एसटीनं डॉक्टरचा माणूस तिकडं निघणार होता, त्याला मी बसस्थानकावर गाठायचं. फाल्गुनातलं ऊन. हर्सूल, दिल्ली गेट करत मोटारसायकलवर गुलमंडीत आलो तर डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. सुपारी हनुमानाजवळ एक सरबताची गाडी होती. त्याला म्हणालो, "बर्फ दे बाबा, फोडून." तो म्हणाला, "ग्लास कुठाय?" मी डबा उघडला. नळ्या बघून तो दचकला. "माणसाचं हाय का?" म्हटलं, "मेंढरांचं." त्यानं गोणपाटातला बर्फ फोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत. डॉक्टरनं बजावलं होतं, रक्त गार राहावं पण गोठून बर्फ होऊ नये. म्हणून नळ्यांना गमछ्याचा पदर गुंडाळला, बर्फ भोवती भरला. लग्नसराईच्या कापडाची गर्दी चिरत पैठण गेटकडं निघालो.

उत्तर आलं तेव्हा वाडा दोन गावं पुढं गेला होता. डॉक्टर तिथं गेला. रोग होता पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. आजारी मेंढरांना लस देऊन उपयोग नव्हता. ती वेगळी केली, त्यातलीही काही गेली. पण आसपासच्या धडधाकट कळपांना लस टोचता आली. ही लस आपल्याच देशात, कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला तयार झालेली आहे.

त्याच कुमाऊंच्या डोंगरातल्या मेंढरांत 1961 साली स्क्रेपी नावाचा रोग आढळल्याची नोंद आहे, हे मला त्या डॉक्टरनंच सांगितलं. त्यात मेंढरू अंग घासत राहतं, लोकर झडते, पाय लटपटतात आणि शेवट मरणच. कारण जिवाणू नाही की विषाणू नाही. अंगातलंच एक प्रथिन बिघडतं. त्याला प्रायॉन म्हणतात. त्या शोधासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना 1997 साली नोबेल मिळालं. हा रोग दोन-पाच वर्षं अंगात दडून राहतो. पूर्वी मेल्यावर मेंदू काढून बघावं लागायचं. आता अमेरिकेत जित्या मेंढराच्या तिसऱ्या पापणीचा किंवा गुदद्वाराच्या आतल्या कडेचा बारीकसा तुकडा, ती जागा बधिर करून काढतात. त्यात रोग दिसला तर तो आहेच. नाही दिसला तर नाहीच, असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही. रोगी निघालेलं मेंढरू मारावं लागतं, आणि तिकडं सरकार त्याची भरपाई देतं. म्हणजे तिकडच्या मेंढपाळालाही मान धरून देताना पोटात गोळा येतच असणार.

2011 साली जगातून गुरांची बुळकांडी गेल्याचं जाहीर झालं. शेळ्या-मेंढ्यांची 2030 पर्यंत घालवायची असं ठरलंय. ती लशीनं जाईल, पण कुठं उरलीय हे कळणार जित्या मेंढराच्या नमुन्यावरूनच. आणि मेंढरू धरून देणार तो रानात उघड्यावर राहणारा माणूस. आज चार गावं पलीकडं, उद्या आणखी पुढं. त्याचा पत्ता लिहून घेणं अवघड आहे, पण त्याला हुडकून उत्तर सांगणं हेही नमुना घेण्याइतकंच काम आहे. आबांनी पुढच्या साली लसवाल्यांना स्वतःहून निरोप धाडला, तो त्या एका उत्तरापायी.