बक्षिसाचा टी-शर्ट

आज पुन्हा लिब्रेऑफिसची मराठी आवृत्ती तपासत बसलोय. २०१० साली सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर मराठीतही मिळतं. भाषांतर यादीत वाचताना सगळं बरोबर वाटतं. खरी परीक्षा पडद्यावर होते. ‘बऱ्याच’मधला अर्धा र नीट उमटतो का, मात्रा वरून कापल्या जातात का, बटणात मजकूर मावतो का, हे एकेक मेनू उघडूनच पाहावं लागतं. फाइलचं नाव जिथे यायचं, तिथलं चिन्ह भाषांतरात गळलं तर ‘बदल जतन करायचे का?’ एवढंच दिसतं. कुठल्या फाइलमधले, हे कळायला मार्ग नाही!

अशा तपासणीला बक्षीस म्हणून कुणी टी-शर्ट ठेवतं, कुणी स्टिकर. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. त्या निमित्ताने नवी मुलं येतात. फक्त बक्षीस चुकांच्या संख्येवर देऊ नये, नाहीतर एकच चूक दहा तुकड्यांत नोंदवली जाते. आवृत्ती कोणती, काय केल्यावर चूक दिसली, सोबत स्क्रीनशॉट, अशी एक नीट नोंद मोलाची. मराठी आवृत्ती वापरून बघा, आणि खटकलं ते जरूर कळवा.